कपातला मैदा ग्रॅममध्ये मोजताना

मैदा कपाने मोजला की गडबड होते ती भरण्याच्या पद्धतीमुळे. डब्यात कप खुपसून भरला तर मैदा दाबला जातो आणि २४० मिलीच्या कपात १४०-१५० ग्रॅम सहज बसतो. तोच मैदा आधी चमच्याने हलवून मोकळा केला, चमच्या-चमच्याने कपात सोडला आणि वरचा ढीग सुरीच्या सरळ पाठीने सपाट केला, तर साधारण १२० ते १२५ ग्रॅम भरतो. कप आपटायचा नाही, हलवायचाही नाही. आपटला की मैदा खाली बसतो आणि वर आणखी घालायचा मोह होतो.

दोन कपांच्या केकमध्ये हा फरक ४०-५० ग्रॅमवर जातो. केक कोरडा होतो, मधोमध फुगून तडकतो, आणि दोष मात्र ओव्हनला मिळतो!

कृतीत ग्रॅम दिले असतील आणि काटा नसेल तर ग्रॅमला १२५ ने भागा: २०० ग्रॅम म्हणजे १.६ कप, म्हणजेच दीड कप आणि वर दीड मोठा चमचा (१५ मिलीचा, सपाट). कप २५० मिलीचा असेल तर १३० ने भागा. कोको पावडर हलकी, कपाला ८५ ग्रॅमच्या आसपास. तिला मैद्याचा आकडा लावू नका.

‘१ कप चाळलेला मैदा’ असेल तर चाळून मग मोजायचा. ‘१ कप मैदा, चाळून’ असेल तर आधी मोजायचा.