सर्फबोर्ड घेताना आणि सांभाळताना या चुका टाळा

नवीन माणूस सर्फिंगला लागला की पहिलाच बोर्ड सहा फुटी शॉर्टबोर्ड घेतो, कारण व्हिडिओत प्रो तोच चालवतात. अरे बाबा, ते लहानपणापासून पाण्यात आहेत. कमी लिटरचा, म्हणजे कमी आकारमानाचा बोर्ड तुम्हाला धड तरंगवत नाही, पॅडल मारून खांदे भरून येतात आणि तोवर लाट पुढे निघून जाते. आठ-नऊ फुटी सॉफ्ट-टॉप (वरून मऊ फोमचा बोर्ड) घ्या, दिसायला बावळट असला तरी उभं राहायला तोच शिकवतो.

पण माझं डोकं खरं फिरतं ते डिंगच्या, म्हणजे बोर्डला पडलेल्या खड्ड्याच्या बाबतीत. एका मित्राच्या ईपीएस फोमच्या बोर्डला नोजजवळ, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, नखाएवढा खड्डा पडला. दुसऱ्या दिवशी लाटा चांगल्या होत्या, म्हणून पठ्ठ्याने हाताला लागलं ते पॉलिएस्टर रेझिन ओतलं. थोड्या वेळाने मला फोन, "हे भरतच नाहीये रे, अजून किती ओतू?" भरणार कसं? ईपीएस म्हणजे थर्माकोलच्याच जातीचा फोम, पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवतं. जाऊन बघितलं तर वर खड्डा तेवढाच आणि आत मूठ जाईल एवढी पोकळी! ईपीएसला फक्त इपॉक्सी, पीयू (पॉलियुरेथेन) फोमला दोन्ही चालतात, आणि बोर्ड कशाचा आहे तेच माहीत नसेल तर गपचूप इपॉक्सी वापरा. उन्हात सेट होणाऱ्या रेझिनची ट्यूब घेताना पण लेबल वाचा.

आणि आधी वाळवा! मी खड्डा खाली करून बोर्ड सावलीत ठेवतो, पाणी टिपकायचं थांबलं तरी अजून दोन-तीन दिवस हात लावत नाही. ओल्या फोमवर रेझिन मारलं की पाणी आतच कोंडतं, बोर्ड जड होतो आणि मग लोक बोर्ड बनवणाऱ्याला शिव्या घालतात.

बंद गाडीत उन्हात बोर्ड ठेवू नका, आतली हवा फुगून फायबरग्लास फोमपासून सुटतो, शिवाय पाय घसरू नये म्हणून लावलेलं वॅक्स वितळून सीटला लागतं ते वेगळंच. लीश, म्हणजे पायाला बोर्ड बांधून ठेवणारा पट्टा, साधारण बोर्डाएवढा लांब हवा, आणि तो बोर्डाला अडकवायची छोटी दोरी टेलच्या (मागच्या टोकाच्या) कडेवर येत असेल तर आखूड बांधा, नाहीतर झटका बसला की कड कापते. एफसीएस कंपनीचे फिन (बोर्डाखालचे पंख) फ्यूचर्स कंपनीच्या बॉक्समध्ये, म्हणजे फिन बसवायच्या खाचेत, बसत नाहीत, ठोकून तर नाहीच नाही.

वॅक्स वरच्या बाजूला लावतात. हो, हेही सांगावं लागतं.