मार्गारेट फुलर कोणत्या क्रमाने वाचावी

अमेरिकन लेखिका मार्गारेट फुलर वाचताना बरेच जण तिच्या आठवणींच्या, १८५२ सालच्या 'मेमॉयर्स'पासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. फुलर १८५० मध्ये जहाज फुटून बुडाली. त्यानंतर इमर्सन, चॅनिंग आणि क्लार्क या मित्रांनी हे दोन खंड जुळवले. जुळवताना तिच्या वह्यांची पानं कापली, ओळींवर शाई फिरवली, तिची धार बोथट केली. तेव्हा ते शेवटी वाचा. पत्रांसाठी हडस्पेथ यांनी संपादित केलेले सहा खंड घ्या.

सुरुवात 'द डायल' या नियतकालिकाच्या जुलै १८४३ च्या अंकातल्या 'द ग्रेट लॉसूट' या लेखाने करा. मग त्याचंच वाढवलेलं रूप, १८४५ चं 'वूमन इन द नाइन्टीन्थ सेंचुरी'. दोन्ही शेजारी ठेवून पुस्तकात नव्याने आलेल्या मजकुरावर पेन्सिलने खूण करा. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबद्दलचा भाग त्यातलाच. त्याआधी १८४४ मध्ये ती न्यूयॉर्क राज्यातल्या सिंग सिंग तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांना भेटली होती.

मुद्द्यांची सरळ रांग शोधू नका, वैताग येईल. हे गद्य बोलण्यातून घडलंय. पुराणकथा, इतिहास, कविता असं फिरत ते मूळ प्रश्नाकडे परततं. एका बैठकीला आठ-दहा पानं, तीही मोठ्याने वाचा.

विवाहाच्या चार पायऱ्यांचा उतारा मात्र अजिबात घाईत वाचू नका: संसाराची भागीदारी, एकमेकांची भक्ती, बौद्धिक सोबत आणि सर्वांत वर, एकाच तीर्थाकडे निघालेले दोन यात्रेकरू. हा संसारोपयोगी सल्ला समजला की पुस्तक हातातून निसटतं. दुसऱ्यासोबत चालण्याआधी प्रत्येक आत्म्याने स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा तिचा आग्रह आहे. तिची समतेची मागणी या श्रद्धेतूनच येते.

वाचून झालं की चर्चा तिच्याच पद्धतीने करा. १८३९ मध्ये बोस्टनला तिने स्त्रियांसाठी संवादसत्रं सुरू केली; पहिल्या मालेत सुमारे २५ जणी होत्या आणि विषय ग्रीक पुराणकथांचा होता. आठ-दहा जण जमा. 'सौंदर्य'सारखा एकच शब्द घ्या, दहा मिनिटं प्रत्येकाला स्वतःची व्याख्या लिहू द्या, मगच तोंड उघडा. लिहिण्याची पायरी गाळली की जाणकार व्याख्यान देतो आणि बाकीचे माना डोलवतात. १८४१ च्या वसंतात पुरुषांनाही बोलावलेल्या मालेत काहीसं असंच झालं. इमर्सनसारखे पुरुषच जास्त बोलत राहिले, बायका मागे पडल्या.