दुसऱ्याच्या पिस्तुलाचं कौतुक कसं ऐकावं

गेल्या रविवारी शूटिंग रेंजवर एका वडिलांनी मला बाजूला घेतलं. मुलगा सातवीत, क्लासला लागून आठ महिने झालेले, आणि सर म्हणाले होते की आता स्वतःचं पिस्तूल बघा. "तुमच्या मुलीकडे मॉरिनी कंपनीचं पिस्तूल आहे ना? कसं आहे?" मी म्हणालो, "एक नंबर." ते खूश होऊन निघाले आणि मी तिथंच चपापलो. हेच दोन शब्द चार वर्षांपूर्वी मलाही कुणीतरी ऐकवले होते आणि त्यांच्या भरवशावर मी पंच्याऐंशी हजार रुपये मोजून सेकंडहँड पिस्तूल घेऊन आलो होतो.

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत टूलरूमला आहे. मायक्रोमीटर आणि व्हर्नियर ही बारीक मापाची साधनं हातात धरून आयुष्य गेलं, त्यामुळे दहा मीटरवर मारायचं एअर पिस्तूल आपल्याला कळणारच, असा माझा समज. मुलगी तेव्हा आठवीत होती. विकणारे गृहस्थ सज्जन, पिस्तूल नामांकित विलायती कंपनीचं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. त्यांनी मनापासून सांगितलं, "मी पूर्ण समाधानी आहे." खोटं काही बोलले नाहीत. फक्त त्यांचा पंजा सुपाएवढा होता. ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, लार्ज, त्यावर त्यांनी स्वतः कानस मारून स्वतःच्या तळव्याचा साचा करून घेतलेला. माझ्या पोरीच्या हातात ती ग्रिप म्हणजे बापाची चप्पल घालून पळण्यातला प्रकार. आणि पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख मी वाचलीच नव्हती. ते समाधान त्यांचं होतं, मी ते विकत घ्यायला गेलो होतो.

म्हणून, पिस्तूल घ्यायचं असेल तर मालकांना जरूर विचारा, पण "कसं आहे?" असं विचारू नका. दीड-दोन लाखांच्या वस्तूला कुणी नावं ठेवत नाही. ठेवली तर घरात बायको विचारते, मग घेतलं कशाला.

आधी कुणाला विचारायचं ते ठरवा. ज्यानं सहा महिन्यांच्या आत घेतलंय त्याला सोडून द्या. त्याची अजून नव्या गाडीसारखी हार-नारळाची अवस्था असते. ज्यानं तीन-चार वर्षं वापरलंय, पावसाळे काढलेत, एखादी ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बदललीय, त्याला गाठा. आणि सगळ्यात कामाचा माणूस म्हणजे ज्यानं तो ब्रँड विकून दुसरा घेतला तो. तो कौतुकही करतो आणि विकलं का तेही सांगतो. ते "का" नीट ऐकायचं. बऱ्याचदा ते पिस्तुलाबद्दल नसतंच. मनगट दुखत होतं, मुलगा मोठा झाला, रायफलकडं वळला, असं काहीतरी निघतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलमध्ये ब्राँझ मिळालं, त्यानंतर आमच्याकडच्या दोन पोरांनी तर पिस्तूल ठेवून रायफलच धरली.

मग प्रश्न असे विचारायचे की उत्तरात वस्तू दिसली पाहिजे. "शेवटचं कधी उघडलं होतं?" "सिलिंडरच्या एका भरणीत किती शॉट निघतात, मोजलेत का?" "ग्रिपला कानस लावली का, कुठं लावली, दाखवता का?" "ओ-रिंग कुठून मागवता?" या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला, तर त्या ब्रँडचं सामान नाशिकमध्ये कुणाकडं नाही हे समजून जा. मला एका सीलसाठी सव्वादोन महिने थांबावं लागलं होतं. विकणारा फोनवर रोज "उद्या कुरिअर निघतंय" म्हणायचा. त्या काळात पोरगी क्लासच्या पिस्तुलावर शिकत होती आणि आमचं पिस्तूल कपाटात शोभेला होतं.

आता ग्रिप. इथं जरा थांबतो, कारण मालकाच्या समाधानातला निम्मा वाटा मला तरी इथंच सापडला. एअर पिस्तुलाची ग्रिप बहुतेक लाकडी असते, साइझमध्ये येते, आणि खाली तळहाताला टेकायला एक सरकणारी पट्टी असते. ती पट्टी पंजाला दाबायची नाही, फक्त हात तिच्यावर विसावला पाहिजे. मनगटाला ग्रिप टेकलेली चालत नाही, स्पर्धेच्या तपासणीत लगेच अडवतात.

साइझ बरोबर आहे का हे ओळखायची रीत आमच्या सरांनी दाखवली. पिस्तूल रिकामं, नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ती रिकामी असल्याची खूण, तोंड टार्गेटकडं. मुलानं उभं राहायचं, हात खाली, डोळे मिटायचे. मग नेहमीसारखा हात उचलून स्थिर करायचा आणि तेव्हा डोळे उघडायचे. पुढची साइट, म्हणजे नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेच्या बरोबर मधोमध दिसली तर ग्रिप हाताला बसलीय. दर वेळी डावीकडंच जातेय किंवा वर उठतेय, तर ती ग्रिप त्या हाताची नाही. एकदा नाही, दहा वेळा करायचं. माझ्या मुलीचं त्या जुन्या पिस्तुलावर दहापैकी नऊ वेळा पुढची साइट उजवीकडं दिसायची. ती बिचारी दर शॉटला मनगट वळवून ती मधे आणायची आणि मी तिला घरी ओरडायचो की चौथ्या सिरीजला, म्हणजे चौथ्या दहा शॉटांना, तू ढिली पडतेस.

शेवटी मी तिच्या हाताला ग्रिप बसवायला घेतली. अंगठ्याच्या बुडाशी पोकळी होती, तिथं दोन भागांची पुटी मळून भरली, तिला ग्रिप घट्ट धरायला लावली, ठसा उमटला. एक रात्र सुकू दिली. दुसऱ्या दिवशी बारीक अर्धगोल कानस आणि पॉलिश पेपर. इथं टूलरूमवाल्याचा हात आड आला. मला शंभरावा भाग मिलिमीटर मोजायची सवय, मी गुळगुळीत करत बसलो. तिनं हातात घेतली आणि म्हणाली, "पप्पा, घामानं सटकतेय." मग परत ओरखडे काढून पृष्ठभाग खरखरीत केला. सांगायचं हे, की एका वेळी थोडंच घासा, मुलाला शंभर शॉट मारू द्या, मग परत घासा. कानसेनं गेलेलं लाकूड परत येत नाही. आणि पावसाळ्यात हे काम काढू नका. जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला भिंतीसुद्धा घाम गाळतात, लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा बरोबर बसवलेली ग्रिप दिवाळीत सैल लागते.

सिलिंडरचं दुसरं मोठं प्रकरण. पिस्तुलाच्या नळीखाली हवेचा सिलिंडर असतो, 200 बार दाबापर्यंत भरायचा. त्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. साधारणपणे तारखेपासून 10 वर्षं धरतात, पुढं तो स्पर्धेत चालत नाही, आणि घरीही वापरू नये. सेकंडहँड घेताना आधी ती तारीख वाचा, मग सौदा बोला. आमच्या सिलिंडरची मुदत चौदा महिन्यांवर आली होती. नवा सिलिंडर घ्यायला गेलो तेव्हा स्वस्तातला सौदा किती महागात पडला ते कळलं.

गळतीबद्दल मालक जे सांगतात त्यातलं निम्मं हवामान असतं. डिसेंबरमध्ये मी स्वतः फसलो. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये सिलिंडर भरला, काटा बरोबर 200 वर. पेटी रात्री गॅलरीत राहिली. सकाळी पाहतो तर काटा 185 च्या आसपास. मी साबणाचं पाणी करून ब्रश घेऊन बसलो, एक बुडबुडा नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. दुपारी तीस अंश, पहाटे नाशिकला दहाच्या आसपास, म्हणजे दाब तेराएक बार तरी आपोआप उतरणारच. शिवाय घाईनं भरलं की सिलिंडर गरम होतो आणि गार झाल्यावर काटा आणखी खाली येतो. खरी गळती ओळखायची असेल तर सावकाश भरा, घरात एकाच ठिकाणी ठेवा, आणि सकाळी त्याच वेळेला सलग तीन दिवस काटा लिहून ठेवा. रोज उतरत असेल तरच सील. हातपंपानं भरणाऱ्यांनी पावसाळ्यात जपावं, दमट हवेतलं पाणी आत जातं. आणि भरायच्या जागी साधं तेल किंवा ग्रीस कधीच लावू नका. इतक्या दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल-न-लागेल एवढंच.

ट्रिगरबद्दल दोन पंथ आहेत आणि दोन्ही पंथांतले लोक आपापल्या जागी प्रचंड समाधानी. नियम सगळ्यांना एकच, एअर पिस्तुलाच्या ट्रिगरनं किमान 500 ग्रॅम वजन पेललं पाहिजे. मेकॅनिकलवाले म्हणतात बॅटरीची कटकट नको. इलेक्ट्रॉनिकवाले म्हणतात लोण्यात सुरी. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली, 575 वर ती बारावी राहिली आणि फायनल हुकली. त्या आठवड्यात आमच्या रेंजवर मेकॅनिकलवाल्यांची छाती फुगली होती. पुढं 2024 ला पॅरिसमध्ये तिनंच दोन ब्राँझ आणले, तेव्हा ते गप्प. मी स्वतः इलेक्ट्रॉनिकच्या बाजूचा आहे, पण त्या मालकाला एकच गोष्ट विचारा, "जादा बॅटरी आत्ता बॅगेत आहे का? दाखवा." जो शोधायला लागला त्याचं समाधान अजून कसोटीला लागलेलं नाही.

नेमकेपणाबद्दल मात्र विचारूच नका. स्टायर, वाल्थर, फाइनवर्कबाऊ, पार्डिनी, मॉरिनी, यांतलं कुठलंही ठीकठाक अवस्थेतलं पिस्तूल दहा मीटरवर टार्गेटच्या मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळात छऱ्यावर छरा टाकतं. ते वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं आहे, आणि त्याबाहेर जातो तो छरा पोरं घालवतात. छऱ्याचा डबा बदलून फरक पडतो का ते बघा, दोन-तीन प्रकारचे घेऊन कागदावर मारा. चपट्या तोंडाचे, 4.5 मिलिमीटरचे. शिसं असतं, त्यामुळे शूटिंग झाल्यावर हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू द्यायचा नाही.

कागदांचं थोडक्यात. 4.5 मिलिमीटर बोअर आणि 20 जूलच्या आतल्या ताकदीच्या एअर पिस्तुलाला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, पण मूळ बिल, सिरियल नंबर आणि विकणाऱ्याच्या सहीचा कागद घ्याच. आणि रिक्षात, बसमध्ये बंद पेटीतच न्या. नाशिकच्या द्वारका सिग्नलला मुलानं कौतुकानं बाहेर काढलं तर ते खेळाचं आहे हे कुणी विचारत बसणार नाही.

एक जाता जाता. खंडेनवमीला मी व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि पिस्तूल एकाच पाटावर मांडलं आणि हळद-कुंकू वाहिलं. कुंकू ट्रिगरच्या खाचेत गेलं. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. फूल वाहा, अक्षता वाहा, कुंकू पेटीला लावा.

तर ते रविवारचे वडील. मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं, परत आत आणलं, आणि मुलीला सांगून पिस्तूल रिकामं करून त्यांच्या मुलाच्या हातात दिलं. डोळे मिट, हात उचल, उघड. "कुठं दिसतंय?" "काका, खूप वर." परत. "वर." सहाव्यांदाही वर. वडील म्हणाले, "म्हणजे मॉरिनी चांगली नाही?" मी म्हणालो, चांगली आहे, पण ही ग्रिप मीडियम आहे, तुमच्या मुलाला स्मॉल लागेल, कदाचित त्याहून लहान. त्यांच्या खिशात कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती. तिच्या कोऱ्या बाजूवर मुलाचा उजवा पंजा ठेवला, पेनानं बोटांच्या कडेनं रेघ मारली, तळव्याची रुंदी माझ्या पट्टीनं मोजून शेजारी लिहिली. पुढच्या दुकानदाराला पहिल्यांदा हे दाखवा, म्हटलं, किमतीचं नंतर.