मीटिओर ३५० ला लेगगार्ड घरी कसा बसवायचा

गाडी नवीन घेतली की पहिली अॅक्सेसरी म्हणजे लेगगार्ड, आणि माझ्या मते ती घ्यायलाच हवी. रॉयल एनफिल्डच्या या मीटिओरचं वजन १९१ किलो आहे, चढावर थांबताना पाय वाळूवर सरकला की ही गाडी हातात धरून राहत नाही, आडवी होतेच. इंजिनाची साइड कव्हरं अॅल्युमिनियमची असतात, ती दगडावर बसली की तडा जातो, ऑइल गळतं आणि घाटात मध्येच उभं राहायची वेळ येते. लेगगार्ड असला तर गाडी पाइपावर टेकते, इंजिन आणि तुमचा पाय दोन्ही खाली चेपत नाहीत. पण हे सगळं हळू वेगातल्या पडण्यासाठी, ८० च्या स्पीडला लेगगार्ड वाचवेल अशा भरवशावर कोणी राहू नका.

माझा पहिला गार्ड मी एका दुकानात बसवून घेतला होता. पोराने दहा मिनिटांत काम उरकलं, मी पण खूश. पंधरा दिवसांनी ताम्हिणीत ६५-७० ला समोरून बारीक किणकिण ऐकू यायला लागली, थांबून बघितलं तर डाव्या बाजूचा खालचा बोल्ट गायब आणि गार्ड एका क्लॅम्पवर लटकून थरथरतोय. काढला तर क्लॅम्पखाली फ्रेमचा रंग गोल घासून गेलेला, आत केशरी गंज धरलेला, कारण मध्ये रबर टाकलंच नव्हतं. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो, निवांत केलं तरी तासाभराचं आहे.

घेताना मॉडेलचं नाव बघून घ्या. रॉयल एनफिल्डच्याच क्लासिक ३५० ला हेच ३४९ सीसीचं इंजिन आहे म्हणून तिचा गार्ड इकडे बसेलच असं नाही, मीटिओरचे फूटरेस्ट पुढे आहेत, पाय वेगळ्या जागी येतो. पाइपाची टोकं बंद आहेत का बघा, उघडी असली तर पाणी आत जाऊन पाइप आतून सडतो आणि वरून काही कळत नाही. कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर स्टेनलेस घ्या, बाकीच्यांना चांगला पावडर कोटिंगवाला लोखंडी चालतो. फ्रेमला वेल्डिंग मारून बसवतो म्हणणाऱ्याकडे तर गाडी नेऊच नका.

सामान फार लागत नाही. रिंग पाने, गोटी सेट, एलन की (८ एमएमच्या एलन बोल्टला ६ नंबरची, १० एमएमला ८ नंबरची), निळं थ्रेडलॉक (बोल्ट आपोआप ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं द्रव), जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, एक छोटा जॅक आणि लाकडाचा ठोकळा. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) मित्राकडून मागून आणा पण आणाच.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच सुरू करा, सायलेन्सरचा पाइप तिथेच असतो, हात भाजतो. गाडी सपाट जागी पक्की उभी करा. आधी किटमधले सगळे बोल्ट, वायसर, स्पेसर जमिनीवर मांडून कागदाशी ताडून बघा, एखादा स्पेसर कमी निघाला तर अर्ध्यात अडकायला होतं.

आता मुख्य भाग. काही गार्ड इंजिनासमोरून खाली येणाऱ्या फ्रेमच्या पाइपाला क्लॅम्पने बसतात, काही इंजिन माउंटिंगच्या बोल्टमधून, काहींना दोन्ही. क्लॅम्पवाला असेल तर जागा पुसून कोरडी करा, ट्यूबची पट्टी गुंडाळा आणि मग क्लॅम्प, फक्त क्लच केबल किंवा वायरिंग त्यात दाबलं जात नाही ना ते बोट फिरवून बघा. माउंटिंगचा बोल्ट काढायचा असेल तर आधी इंजिनाखाली ठोकळा ठेवून जॅक हलकाच टेकवा, गाडी उचलायची नाही, नुसता आधार द्यायचा, आणि एका वेळी एकच बोल्ट काढायचा. दोन्ही एकदम काढले की इंजिन दोन-तीन मिलिमीटर खाली बसतं, भोकं जुळत नाहीत, मग माणूस बोल्ट ठोकून घालतो आणि आटे जातात. नवीन बोल्ट पहिले चार-पाच आटे हातानेच फिरला पाहिजे, पान्याचा जोर लावावा लागत असेल तर तो वाकडा चाललाय, बाहेर काढा.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: पहिला बोल्ट लागला की लोक तो गच्च आवळून मोकळे होतात आणि मग दुसऱ्या बाजूचं भोक जुळवायला गार्ड ओढून ताणून बसवतात. असा ताणात बसलेला गार्ड कायम थरथरतो आणि एक ना एक बोल्ट ढिला करतो, माझ्या गाडीचं हेच झालं होतं. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, गार्ड थोडा हलता ठेवा, समोर चार पावलं मागे जाऊन दोन्ही बाजू सारख्या उंचीवर आहेत का बघा, मग डावं-उजवं आलटून पालटून थोडं थोडं आवळत या. थ्रेडलॉकचा एक थेंब पुरतो, आणि नायलॉनवाला नट एकदा काढला की नवीनच घाला. डोक्यावर ८.८ लिहिलेला ८ एमएमचा बोल्ट साधारण २२ ते २५ न्यूटन मीटर, १० एमएमचा ४५ च्या आसपास, पण किटच्या कागदावर आकडा असेल तर तोच धरा आणि माउंटिंगच्या बोल्टला गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला.

झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, पुढचा ब्रेक धरून फोर्क (पुढचे शॉकअप) जोरात दाबा, मडगार्ड किंवा चाक कुठे टेकता कामा नये. गिअर आणि ब्रेक पेडल रायडिंगचे बूट घालून दाबून बघा, चपलेवर सगळं मोकळंच वाटतं. ऑइलचा ड्रेन बोल्ट गार्ड न काढता उघडता येतोय का तेही आत्ताच बघा.

बोल्टच्या डोक्यापासून गार्डपर्यंत पांढऱ्या मार्करची एक रेघ मारून ठेवा, बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली लगेच दिसते. पहिल्या १०० किलोमीटरला आणि नंतर ५०० ला परत पाना लावायचा. आणि गाडी एकदा पडली की गार्ड वरून सरळ दिसत असला तरी बोल्ट काढून बघा, वाकलेला असेल तर बदला, आणि क्लॅम्पच्या जागी फ्रेमला केसासारखी चीर आहे का ते टॉर्च मारून तपासा, चीर दिसली तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत टाकून न्या.