मोठ्या आजारपणानंतर पुन्हा स्नूकरच्या टेबलाशी

व्यावसायिक स्नूकरकडे वळू पाहणारी मुले माझ्याकडे येतात ती क्यूची (खेळायच्या काठीची) पकड, ब्रेक (एका खेपेत सलग मिळवलेले गुण) वाढवण्याची पद्धत आणि सेफ्टीचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सोपा फटका न ठेवण्याचे, डावपेच शिकायला. ऐन उमेदीत मोठे आजारपण आले तर काय करायचे, असे अद्याप कुणी विचारलेले नाही, आणि त्यांच्या वयात मलाही ते सुचले नव्हते. तेविसाव्या वर्षी पोटदुखी आणि ताप सुरू झाला, वजन झपाट्याने उतरले, आतड्यांचा क्षयरोग समजून सहा महिने औषधे दिली गेली आणि त्यानंतर कळले की हा क्रोन्स, म्हणजे आतड्यांचा आयुष्यभर सोबत राहणारा दाह आहे. आतड्याचा एक भाग काढावा लागला. त्या दिवसांत मी इंग्लंडच्या अली कार्टरच्या कारकिर्दीचा बारकाईने अभ्यास केला, कारण त्यालाही हाच आजार होता.

कार्टरचे निदान 2003 मध्ये झाले. पुढे 2008 मध्ये तो शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि त्याच स्पर्धेत त्याने 147 चा सर्वोच्च ब्रेकही केला. आजाराला कंटाळून निवृत्तीचा विचार त्याने बोलून दाखवला त्याच मोसमाच्या शेवटी, 2012 मध्ये, तो पुन्हा अंतिम फेरीत होता. दोन्ही वेळा तो रॉनी ओसलिव्हनकडून हरला. त्यानंतर 2013 मध्ये वृषणाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि 2014 मध्ये फुप्फुसात गाठी आढळल्यामुळे केमोथेरपी घ्यावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत तो स्पर्धेत परतला होता, तरी जागतिक मानांकनासाठी धरल्या जाणाऱ्या स्पर्धेचे पुढचे विजेतेपद त्याला मिळाले ते 2016 मध्ये, चीनमधील वर्ल्ड ओपनच्या अंतिम सामन्यात जो पेरीला 10-8 असे हरवून.

मुले या करंडकाकडे पाहतात. मी त्याआधीच्या दीड-पावणेदोन वर्षांकडे पाहतो. त्या काळात मानांकनातले पहिल्या सोळांतले स्थान त्याच्या हातून गेले होते आणि क्रूसिबलसाठी त्याला पात्रता फेरीतून यावे लागले होते. परतल्यावर पहिल्या तीन-चार स्पर्धांवरून स्वतःचा निकाल लावू नये, किमान एक पूर्ण मोसम द्यावा, असे मी आग्रहाने सांगतो ते यामुळेच. मी स्वतः दुसऱ्याच स्पर्धेनंतर खेळ सोडायला निघालो होतो.

मानांकनाची रचना नवोदितांनी आधीच समजून घेतली पाहिजे. जागतिक मानांकन मागील दोन वर्षांत मिळवलेल्या बक्षिसाच्या रकमेवर ठरते, जुनी रक्कम सतत गळत जाते आणि खेळाडू रुग्णालयात असला तर तिची जागा घ्यायला नवी रक्कम येत नाही. पॉल हंटर हा मास्टर्स ही अव्वल सोळा खेळाडूंची स्पर्धा तीन वेळा जिंकलेला खेळाडू. 2005 मध्ये कर्करोगाचे निदान झाल्यावरही तो केमोथेरपी घेत मोसमभर खेळत राहिला आणि त्याचे मानांकन घसरत गेले. 2006 च्या उन्हाळ्यात नियम बदलून त्याचे मानांकन 34 वर गोठवण्याचा, म्हणजे न खेळताही तेथेच राहू देण्याचा, निर्णय झाला, पण त्याच वर्षी 9 ऑक्टोबरला, अठ्ठाविसावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, तो गेला. कार्टरच्या आजारपणात त्याचे मानांकन गोठवले गेले, तेव्हा मला हंटरची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. म्हणून निदान होताच संघटनेला लेखी कळवावे, वैद्यकीय कागद जोडावेत आणि अशी सवलत आहे का, हे त्याच पत्रात विचारावे.

आता शरीराविषयी. स्नूकरला दमछाक नाही, हा बाहेरच्यांचा समज आहे. कमरेतून वाकून हनुवटी क्यूला टेकवली की पोट दाबले जाते. शस्त्रक्रियेनंतर पहिले कित्येक आठवडे मला लांबचा पॉट मारायला (दूरचा चेंडू खिशात घालायला) खाली जाणेच जमत नव्हते. आमच्या जिमखान्यात टेबल सांभाळणाऱ्या मार्करने सुचवल्यावरून मी पुढचा गुडघा थोडा अधिक वाकवू लागलो, त्यामुळे पोटावरचा ताण कमी झाला आणि मग हीच ठेवण कायम झाली. सत्र तीन तासांपर्यंत लांबू शकते आणि लांब सामन्यांत चार फ्रेमनंतर (डावांनंतर) छोटी विश्रांती असते, म्हणून जेवण, पाणी आणि औषधे यांची वेळ त्या विश्रांतीच्या हिशेबाने बसवावी लागते. सुरुवातीला मी फक्त पाऊण तास सराव करीत असे आणि थकवा येण्याआधीच क्यू पेटीत ठेवत असे. हे फार अवघड होते, पण थकल्या अंगाने केलेला सराव चुकीच्या सवयी लावतो.

औषधांबाबत मात्र मी बेसावध राहिलो. बीटा ब्लॉकर गटातील औषधे हाताचा कंप आणि छातीची धडधड कमी करतात, म्हणून क्यू खेळांच्या स्पर्धांत त्यांना बंदी आहे. कॅनडाच्या बिल वर्बेनिकची कारकीर्द कंपावर घेतलेल्या याच गटातील औषधाच्या वादात संपली. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनाही स्पर्धेच्या काळात बंदी असते, हे मला एका स्पर्धेच्या आठवडाभर आधी समजले आणि नाव मागे घ्यावे लागले. औषध खरोखर गरजेचे असेल तर उपचारासाठी सवलत मिळते, परंतु तिचा अर्ज तपासण्यांच्या अहवालांसह आधी करावा लागतो. पहिल्या भेटीतच डॉक्टरांना आपण स्पर्धा खेळतो हे सांगावे.

पैशाचा प्रश्न थोडक्यात सांगतो. आपल्याकडे पेट्रोलियम कंपन्या, रेल्वे अशा ठिकाणी खेळाडूंना नोकरी मिळते; वैद्यकीय रजा आणि उपचारखर्चाची सोय पाहता अशी नोकरी मिळत असेल तर ती घ्यावी, तिने खेळ मागे पडेल ही भीती मला खरी वाटत नाही.

कार्टरने 2023 मध्ये जर्मन मास्टर्सच्या अंतिम सामन्यात टॉम फोर्डला 10-3 असे हरवले. पुढच्या जानेवारीत, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो मास्टर्सच्या अंतिम सामन्यात ओसलिव्हनसमोर उभा होता आणि 10-7 असा हरला. तो सामना मी सरावाला येणाऱ्या मुलांना शेजारी बसवून पाहिला आणि दर वेळी कार्टर खाली वाकला की त्याच्या गुडघ्यांकडे बघा, असे त्यांना सांगत राहिलो.