५८ नंतरही कारागीर टिकवायचाय? छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी

भोसरी, चाकण, सातपूर, कुठल्याही छोट्या वर्कशॉपमधे जा, नुसत्या आवाजावरून मशीनचं टूल झिजलंय हे ओळखणारा माणूस एखादाच असतो आणि तो बहुतेक पन्नाशीच्या पुढचा असतो. तो ५८ चा झाला की आपण शाल-नारळ देतो आणि महिन्याभरात मशीनचं सेटिंग अडलं की त्यालाच फोन लावतो. आमच्या टर्नर (लेथ मशीन चालवणाऱ्या) काकांच्या बाबतीत अगदी हेच झालं, तोवर त्यांनी दुसरीकडे वॉचमनची नोकरी धरली होती. खूप वाईट वाटलं, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, बोलणं ५६ व्या वर्षीच सुरू करा. केबिनमधे बोलवून नाही, चहा घेताना, निवांत. पूर्ण दिवस जमेल का, अर्धा दिवस हवाय का, की आठवड्यातले तीनच दिवस. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाच्या मुलीचं लग्न राहिलेलं असतं, आपण विचारलं नाही तर ती माणसं स्वतःहून सांगत नाहीत.

मग काम बदला, म्हणजे माणसाला वॉचमन किंवा स्टोअरकीपर करू नका, आहे तेच काम त्याच्या शरीराला झेपेल असं करा. बीएमडब्ल्यूने २००७ मधे जर्मनीतल्या डिंगोल्फिंगच्या कारखान्यात एका लाइनवर मुद्दाम वयस्कर कामगार जास्त ठेवून बघितले. लाकडी फ्लोअरिंग, बसायला खुर्च्या, बारीक बघायला भिंग असे साधारण ७० छोटे बदल केले आणि वर्षभरात त्या लाइनची उत्पादकता ७ टक्के वाढली. यातलं बरंचसं आपल्याला जमण्यासारखंच आहे. सिमेंटच्या कोब्यावर दिवसभर उभं राहून गुडघे जातात, तिथे लाकडी फळ्या किंवा जाड रबरी मॅट टाका, उंच स्टूल द्या, जड जॉब (मशीनवर लावायचा धातूचा तुकडा) उचलायला चेन ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी लावा, रोज लागणारे गेज (मापं तपासायची साधनं) आणि टूल कमरेच्या उंचीला ठेवा.

डोळ्यांकडे आपलं लक्षच नसतं. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं हे सगळ्यांना माहितीये, पण वाचायचा चष्मा आणि मशीनवरचा चष्मा वेगळा लागतो, कारण जॉब हातभर लांब असतो. बायफोकलमधून बघताना मान वर करावी लागते आणि संध्याकाळपर्यंत ती धरते. मशीनपासून डोळ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून चष्मेवाल्याला सांगा आणि तोच नंबर सेफ्टी गॉगलला करून घ्या, खर्च कंपनीने करायचा. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापाचं साधन, बघायच्या जागी एक जादा लाइट लावा.

या माणसांची नाइट शिफ्ट बंद करा, यात मला तरी तडजोड नको वाटते. शुगरवाल्यांची जेवायची वेळ अर्जंट डिस्पॅचसाठीही पुढे ढकलू नका, आणि कोण किती वेळा बाथरूमला जातं हे मोजू नका.

आता कागदपत्रं. रिटायर करून परत घेणार असाल तर आधी ग्रॅच्युइटी चुकती करा, ३० दिवसांच्या आत. ती दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार अशी, शेवटच्या पगारावर निघते, म्हणून अर्धवेळचा कमी पगार लागू व्हायच्या आधीच जुन्या पगारावर हिशोब झाला पाहिजे, नाहीतर वीस-पंचवीस वर्षांचं नुकसान त्या माणसाचं होतं. पीएफचं पण बघा, ५८ नंतर मालकाच्या वाट्यातून पीएफच्या पेन्शन योजनेत सहसा पैसे जात नाहीत, ते सगळे पीएफलाच जातात, हे अकाउंटवाल्याला आठवण करून सांगा. आणि लगेच पेन्शनची गरज नसेल तर ती ६० पर्यंत पुढे ढकलता येते, दर वर्षाला ४ टक्के वाढून मिळते. हे काकांना शांतपणे समजावून सांगा, फॉर्म भरायला सोबत बसा.

राहिलं शिकवण्याचं. नुसतं "काका, या पोराला तयार करा" म्हणून चालत नाही, शिकवायचे तास त्यांच्या टार्गेटमधून वजा करा. पोराला सेटिंगचा मोबाइलवर व्हिडिओ काढू द्या, काका बोलतील ते वहीत लिहू द्या. पण त्याआधी काकांच्या हातात निदान वर्षभराचं पत्र द्या, तासांसकट पगारासकट, कारण पोरगा तयार झाला की आपल्याला घरी बसवणार ही भीती प्रत्येकाच्या मनात असते आणि ती असेपर्यंत कुणीही मनापासून शिकवत नाही.