वॉटर पोलो खेळायचंय? मग आधी पाय तयार करा

स्विमिंगला मेडल मारलेली पोरं वॉटर पोलोला येतात आणि दहा मिनिटांत दम लागून कडेला लटकतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता नवीन कोणी आलं की बॉल हातात देतच नाही. पाण्यात पोहत बॉल गोलमध्ये टाकायच्या या खेळात तळाला पाय टेकायचा नाही, बॉल एका हातानेच धरायचा (गोलकीपर सोडून), आणि 8-8 मिनिटांचे चार क्वार्टर, तेही बॉल थांबला की घड्याळ थांबतं, म्हणजे मॅच चांगली तासभर चालते. तेवढा वेळ तुम्हाला वर कोण धरणार? पायच ना.

त्यासाठी एगबीटर किक. पाण्यात खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, पाठ ताठ, गुडघे बाहेरच्या बाजूला, आणि दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरवायचे, उजवा एका दिशेने, डावा उलट दिशेने. सुरुवातीला हात पाण्यात हलवत करा, मग हात बाहेर, मग कोपरं बाहेर, मग भरलेली पाण्याची बाटली डोक्यावर धरून 30 सेकंद. मांड्या पेटतात अक्षरशः, पण दोन-तीन महिने हेच करा, आणि कोच हजर असतानाच करा.

मग डोकं वर ठेवून फ्रीस्टाइल, कारण मान खाली घातली की बॉल कुठे गेला कळत नाही. कॅच घेताना बोटं पसरायची आणि बॉल येईल तसा हात मागे न्यायचा, आपटून पकडायला गेलात तर निसटणारच.

पोहण्याचा स्पीड मात्र सोडू नका. सचिन नाग 1948 च्या लंडन ऑलिंपिकला आपल्या वॉटर पोलो टीममध्ये होते आणि 1951 ला दिल्लीच्या एशियन गेम्समध्ये 100 मीटर फ्रीस्टाइलचं गोल्डही त्यांचंच, त्याच गेम्सला वॉटर पोलोचं गोल्डसुद्धा आपलंच होतं! हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही याचं फार वाईट वाटतं.

करिअरचं सरळ सांगतो, आपल्याकडे यात क्रिकेटसारखा पैसा नाही. नॅशनलला सर्व्हिसेस (म्हणजे सैन्यदलं) आणि रेल्वेच्या टीम भारी असतात त्याचं कारण नोकरी, म्हणून स्पोर्ट्स कोट्याच्या जाहिराती बघत राहा, खेळ आणि लेव्हलची अट नीट वाचा, आणि शाळेपासूनचं प्रत्येक सर्टिफिकेट फाइलला लावा. माझ्या ओळखीच्या एका पोराचं एक सर्टिफिकेट हरवलं आणि डुप्लिकेटसाठी वर्षभर फेऱ्या मारल्या त्याने.

आणि पहिल्या मॅचच्या आदल्या रात्री नखं कापा, अंगाला तेल लावू नका. पाण्यात उतरायच्या आधी रेफरी बोटं तपासतात.